अटलांटिकवरचे पंचवीस तासांचे दिवस

पहिला दिवस

इंग्लंडमध्ये असताना आईच्या कानावर शस्त्रक्रिया झाली आणि पुढचे काही महिने विमानात बसायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. बहिणीकडे न्यूयॉर्कला मात्र जूनअखेर पोहोचायचेच होते. म्हणून साउदॅम्प्टनहून ‘क्वीन मेरी २’ या जहाजाने अटलांटिक ओलांडायचे ठरले. विमान जे अंतर सात-आठ तासांत कापते त्यासाठी सात रात्री घालवायच्या, हा हिशेब मला सुरुवातीला पटला नव्हता आणि तो कसा बदलत गेला हेच मुख्यतः या नोंदींत आले आहे.

धक्क्यावरून जहाज दिसतच नाही. दिसते ती एक काळी भिंत, जिला दोन्ही बाजूंना शेवट नाही. ३४५ मीटर लांबीचे हे जहाज फ्रान्समधील सां-नाझेर येथे बांधले गेले आणि २००४ साली प्रवासाला लागले. याला क्रूझ जहाज म्हणायचे की नाही, हाही प्रश्नच आहे. क्रूझ जहाज बंदरे दाखवत फिरते. हवामान बिघडले तर मार्ग बदलते, एखादे बंदर वगळते. हे आहे ओशन लायनर. त्याला तशी मुभा नसते, कारण त्याला ठरल्या दिवशी समुद्राच्या पलीकडे पोहोचायचे असते. म्हणून याची नाळ, म्हणजे पुढचे टोक, लांब आणि निमुळती आहे, पाण्याखालचा भाग खोल आहे, सांगाड्यात पोलाद अधिक आहे आणि जीवनरक्षक होड्या इतर क्रूझ जहाजांवर असतात त्यापेक्षा बऱ्याच उंचावर, उत्तर अटलांटिकच्या लाटा पोहोचणार नाहीत अशा बेताने टांगल्या आहेत. नियमित सेवेत असलेले अशा जातीचे हे आज एकमेव जहाज आहे.

निघण्यापूर्वी सर्व प्रवाशांना सुरक्षिततेच्या कवायतीसाठी बोलावले गेले. सात आखूड भोंगे आणि एक लांब भोंगा हा धोक्याचा इशारा. तो ऐकल्यावर कोठे जमायचे आणि लाइफ जॅकेट कसे बांधायचे, हे समजावून सांगण्यात आले. आईने पट्टा दोनदा सोडून पुन्हा बांधून पाहिला. शेजारचे काही प्रवासी मोबाइलमध्ये गुंग होते आणि ते मला खटकले. याच बंदरातून १० एप्रिल १९१२ रोजी ‘टायटॅनिक’ निघाली होती आणि समुद्रातील सुरक्षेचा पहिला मोठा आंतरराष्ट्रीय करार त्या दुर्घटनेनंतर, १९१४ साली झाला. कवायतीच्या त्या दहा मिनिटांमागे पंधराशेहून अधिक माणसांचे मरण आहे, हे विसरले जाऊ नये.

संध्याकाळी दोर सुटले आणि भोंगा झाला. या जहाजाच्या भोंग्यांपैकी एक १९३६ साली सेवेत आलेल्या मूळ ‘क्वीन मेरी’वरचा आहे. तो आवाज आधी कठड्यावर ठेवलेल्या तळहातांना जाणवला, मग छातीला, आणि सर्वांत शेवटी कानांना. आईने कानावर हात ठेवले, पण चेहरा उजळलेला होता. आईल ऑफ वाइटला वळसा घातल्यावर काही वेळाने, बंदरातून जहाज बाहेर काढून देणाऱ्या पायलटला न्यायला एक लहान बोट आली, चालत्या जहाजाला लगटून तितक्याच वेगाने धावू लागली आणि जहाजाच्या कुशीतल्या दारातून उतरलेला तो माणूस एक पाऊल टाकून तिच्यावर गेला. त्या एका पावलानंतर आमचा जमिनीशी असलेला शेवटचा धागा सुटला.

दुसरा दिवस

रात्री आम्ही झोपेत असतानाच बिशप रॉक दीपगृह मागे पडले. हे इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकापलीकडच्या सिली बेटांचे दीपगृह. अटलांटिक सर्वांत जलद ओलांडणाऱ्या जहाजाचा ‘ब्लू रिबँड’ हा मान ठरवताना वेळ मोजली जाई ती या दीपगृहापासून न्यूयॉर्कबाहेरच्या अँब्रोझ दीपनौकेपर्यंत. १९५२ साली ‘युनायटेड स्टेट्स’ या जहाजाने पूर्वेकडे येताना ते अंतर ३ दिवस १० तास ४० मिनिटांत कापले होते. आमच्या जहाजाला ३० नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) आसपास वेग गाठता येतो, पण ते २० ते २२ नॉटने चालते. वेग थोडा वाढवायचा तर इंधन फार वाढते. लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात चढत जाते. सुरुवातीच्या वर्षांत हा प्रवास सहा रात्रींचा होता, आता तो सात रात्रींचा आहे. वाहन जुने होते तसे त्याचा प्रवासकाळ वाढवून दिला जातो आणि लोक तो आनंदाने घेतात, असे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

दुपारी बारा वाजता कप्तानांची घोषणा होते. अक्षांश, रेखांश, वाऱ्याचा जोर, पाण्याचे तापमान, जहाजाखालची खोली, पुढच्या चोवीस तासांचा अंदाज. आईने एक छोटी वही काढली आणि हे सारे आकडे टिपून घेतले. सकाळी आमच्याखाली शंभर-दीडशे मीटर पाणी होते; युरोपच्या खंडमंचाची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाची, कड ओलांडल्यावर ते चार हजार मीटरच्या पलीकडे गेले. वर काहीच बदलले नव्हते, तीच लाट आणि तेच ऊन. आईने तो आकडा दोनदा अधोरेखित केला आणि बराच वेळ खिडकीशी उभी राहिली.

सातव्या डेकवर जहाजाला पूर्ण वेढा घालणारी लाकडी फळ्यांची वाट आहे. तीन फेऱ्या घातल्या की एक मैलाहून थोडे अधिक चालणे होते. तेथे पहाटेपासून माणसे चालत असतात आणि दुसऱ्याच दिवशी चेहरे ओळखीचे होतात. वाऱ्याच्या दिशेने चालताना कोट फडफडतो, वळण घेतले की अचानक सारे शांत होते. अर्ध्या फेरीत दोन ऋतू भेटतात.

रात्री उशीजवळ एक चिठ्ठी होती: पहाटे दोन वाजता घड्याळे एक तास मागे घ्यावीत.

तिसरा दिवस

साउदॅम्प्टन आणि न्यूयॉर्क यांच्या वेळांत पाच तासांचा फरक आहे. विमान तो एका झटक्यात अंगावर टाकते आणि शरीर पुढचे तीन-चार दिवस ते फेडत बसते. जहाज तो पाच रात्रींत वाटून देते. पश्चिमेकडे जाणाऱ्याला त्यामुळे पंचवीस तासांचे पाच दिवस मिळतात, आणि ते उसने नसतात, अगदी खरे असतात.

माझा पहिला पंचवीस तासांचा दिवस मात्र पलंगावर गेला, कारण मला बोट लागली. पहाटेपासून पश्चिमेचा वारा चढला होता आणि जहाज नाळ उचलून पुन्हा पाण्यात घालत होते. जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंखांसारखी स्थिरके असतात. ती डावी-उजवीकडचे डोलणे बरेच आवरतात, पण पुढे-मागे होणाऱ्या झोक्यांवर त्यांचा इलाज चालत नाही. केबिन घेताना आम्ही पाचवा डेक आणि जहाजाचा मधला भाग निवडला होता आणि त्या निवडीचे मोल त्या दिवशी कळले. वरच्या मजल्यांवर आणि टोकांना हेलकावा कितीतरी मोठा असतो. केबिनची व्यवस्था पाहणाऱ्या तरुणाने न मागता हिरवी सफरचंदे आणि आल्याच्या वड्या आणून ठेवल्या आणि नजर क्षितिजावर ठेवा, वाचू नका, असे सांगितले. आईला काहीही झाले नाही. कानाच्या दुखण्याची माणूस ती, आणि तिनेच मला दिवसभर पाणी पाजले. वहीत तिने बाराचे आकडे लिहिले आणि त्यांच्या खाली माझ्याविषयी एक ओळ: ‘सफरचंद अर्धे खाल्ले.’

चौथा दिवस

वारा पडला. रात्रीतून केव्हातरी आम्ही अटलांटिकच्या तळाशी उत्तर-दक्षिण पसरलेल्या पर्वतरांगेवरून गेलो होतो. तेथे समुद्रतळ दोन्ही बाजूंना वर्षाला दोन-तीन सेंटिमीटर सरकतो आहे, म्हणजे आम्ही ओलांडत असलेला समुद्र दरवर्षी तेवढा रुंदावतो आहे.

या दिवशी मी जहाजावरचे जगणे प्रथमच नीट पाहिले. सकाळी व्याख्यान, नंतर नृत्याचा वर्ग, तारांगणात खेळ, दुपारी मोठ्या दालनात वाद्यवृंदाच्या साथीने चहा, रात्री नाटक. रोजचा कार्यक्रम छापून येतो आणि काही लोक तो खुणा करून पूर्ण करतात. मला वाटते, तासच्या तास असे भरून टाकणाऱ्यांना जहाज नीट भेटत नाही. माझी ओढ राहिली ती ग्रंथालयाकडे. ते नाळेच्या बाजूला, थेट पुढे पाहणाऱ्या खिडक्यांशी आहे. कपाटांना काचेची दारे आहेत, म्हणजे जहाज झुकले तरी पुस्तके पडत नाहीत. तेथे बसलेला माणूस एक पान वाचतो, समुद्राकडे पाहतो, पुन्हा तेच पान वाचतो. मीही एका पुस्तकाची चाळीस पाने सबंध सकाळभर वाचली आणि त्याबद्दल मला जराही अपराधी वाटले नाही.

बाराव्या डेकवर कुत्र्यांसाठी राहण्याची सोय आहे. अटलांटिक ओलांडून राहायला जाणारी माणसे आपली कुत्री सामानाच्या कप्प्यात टाकून न्यायला तयार नसतात, ती येथे येतात. एकूण २४ पिंजरे, फिरायला मोकळी जागा, आणि दोन्ही किनाऱ्यांच्या कुत्र्यांना परके वाटू नये म्हणून इंग्रजी पद्धतीचा एक दिव्याचा खांब आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यावर असतो तसा एक अग्निशामक नळ. एक वयस्क बाई आपल्या म्हाताऱ्या कुत्र्याजवळ रोज ठरलेल्या वेळी येऊन बसत. त्या नवऱ्याच्या मृत्यूनंतर मुलाकडे कायमच्या राहायला चालल्या होत्या. आईला इंग्रजी बोलायचा सराव नाही आणि त्यांना दुसरी भाषा येत नव्हती, पण पुढचे तीनही दिवस दोघी त्या बाकावर शेजारी बसलेल्या मी पाहिल्या.

रात्री औपचारिक पोशाखात जेवण होते. अशा थाटामाटाविषयी माझ्या मनात अढी होती. ती पुष्कळशी गेली. आठवडाभर तीच ती माणसे, तेच जिने, तेच टेबल असताना एखाद्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून नीटनेटके होणे, हे एकमेकांना दिलेले मानपत्रच असते.

पाचवा दिवस

केबिन आवरणाऱ्या त्या तरुणाशी आज मोकळेपणाने बोलणे झाले. तो फिलिपिन्सचा, समुद्रावरचे हे त्याचे सहावे वर्ष. करार अनेक महिन्यांचा. तो संपला की काही आठवडे घरी, मग पुन्हा दुसरा करार. त्याची धाकटी मुलगी जन्मली तेव्हा तो पॅसिफिकवर होता. जहाजावर सुमारे २,७०० प्रवासी आणि सुमारे १,२०० कर्मचारी असतात. ते अनेक देशांचे असतात आणि त्यांचे सारे आयुष्य आमच्या पायांखालच्या डेकवर चालते: झोपायच्या खोल्या, जेवणघर, जहाजाच्या लांबीभर जाणारा तो एक मुख्य रस्ता, धुलाईघर, शीतगृहे. ज्या दारांवर ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’ अशी पाटी असते, त्यांच्या पलीकडे गालिचा संपतो आणि पोलाद सुरू होते. एकदा असे दार क्षणभर उघडे राहिले आणि तेवढ्यात रंगवलेली लोखंडी जमीन, हातगाड्या आणि घाईने चालणारी माणसे दिसली.

खलाशांच्या श्रमासंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार २००६ साली झाला आणि २०१३ साली अमलात आला. त्याप्रमाणे चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्याला किमान ७७ तास विश्रांती मिळालीच पाहिजे, किंवा काम चोवीस तासांत १४ आणि आठवड्याला ७२ तासांवर जाता कामा नये. हे आकडे मी त्या दिवशी ग्रंथालयात बसून वहीच्या मागच्या पानावर मांडले. आठवड्याला ७२ तास म्हणजे एकही सुट्टी न घेता रोज दहा तासांहून अधिक, आणि हे किमान संरक्षण आहे. ते नसताना काय होत असेल याची कल्पना त्यावरून येते. पाहुण्याच्या भूमिकेतून जहाजाचे कौतुक करताना हा हिशेब सोबत असलाच पाहिजे, असे मला मनापासून वाटते. आमच्या वाट्याला आलेला निवांतपणा कोणाच्या तरी तासांतून काढलेला आहे.

“तुम्हालाही रात्री तास जास्त मिळतो ना?” मी त्याला विचारले.

“मिळतो, मॅडम,” तो म्हणाला. “पश्चिमेकडे जाणे सगळ्यांना आवडते. झोप होते.”

पुढचे त्याने तेव्हा सांगितले नाही आणि मलाही सुचले नाही.

त्याच्याकडूनच कळले की आमच्या स्नानगृहातले पाणी समुद्राचेच असते, इंजिनांच्या उष्णतेवर त्याची वाफ करून ते गोड केले जाते. इंजिने वीज निर्माण करतात, आणि ती वीज जहाजाच्या बाहेर, पाण्याखाली टांगलेल्या चार मोटरींना मिळते. त्यांपैकी दोन सबंध फिरू शकतात, त्यामुळे या जहाजाला सुकाणूच नाही. नाळेजवळच्या डेकवर, जहाज पुढे ढकलणाऱ्या पंख्यांची जादा पाती ठेवली आहेत. मी दोन दिवस त्यांना शिल्प समजत होते.

सहावा दिवस

पहाटे भोंग्याने जाग आली. दर दोन मिनिटांच्या आत एक लांब भोंगा. धुक्यात चालणाऱ्या जहाजाला नियमच तसा आहे. न्यूफाउंडलंडच्या आग्नेयेला ग्रँड बँक्सचा उथळ टापू आहे. तेथे उत्तरेकडून येणारा थंड लाब्राडोर प्रवाह आणि दक्षिणेकडून येणारा उबदार गल्फ स्ट्रीम एकमेकांना भिडतात, ओलसर उबदार हवा थंड पाण्यावर आली की धुके धरते, आणि मे ते जुलै या काळात तर ते हटता हटत नाही. तोच थंड प्रवाह वसंतात हिमनगही खाली आणतो.

आई आणि मी डेकवर गेलो. कठड्यापलीकडे काहीही नव्हते. पाणी खाली दहा-पंधरा मीटरपर्यंत दिसे आणि मग पांढरेपण. कपडे, केस, कठड्याचे लाकूड, सगळ्यांवर बारीक थेंब जमले होते. भोंगा झाला की तो आवाज परत येत नसे, धुक्यात विरून जाई, आणि पुढच्या भोंग्यापर्यंतच्या शांततेत माणसे नकळत हळू बोलत. आजचे जहाज रडारने पाहते, हे मला माहीत होते, तरीही कान समुद्राकडेच लागलेले होते.

बाराच्या घोषणेत कप्तानांनी सांगितले की पहाटेच्या अंधारात आम्ही ‘टायटॅनिक’चे अवशेष जेथे आहेत त्या जागेपासून फार दूर नसलेल्या मार्गाने गेलो. ते सुमारे ३,८०० मीटर खोलीवर आहेत. उपाहारगृहातला गलका थांबला. आईने वहीत अक्षांश आणि रेखांश लिहिले, खोलीचा आकडा लिहिला, आणि मग पेन बाजूला ठेवून म्हणाली, “त्या रात्री धुके नव्हते. आभाळ स्वच्छ होते, असे म्हणतात.” ते खरे आहे. त्या रात्री चंद्र नव्हता, वारा नव्हता, समुद्र काचेसारखा होता, आणि म्हणूनच हिमनगाच्या पायथ्याशी फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेषा टेहळणीवाल्यांना दिसली नाही. शांत समुद्रच तेथे घातक ठरला. त्यानंतर सुरू झालेली हिमनगांवरची आंतरराष्ट्रीय गस्त आजही चालू आहे आणि आमचा मार्गही तिच्या सूचना पाहूनच आखला जातो.

दुपारी धुक्याला भोक पडावे तसे ऊन आले आणि त्या उजेडात डॉल्फिनांचा एक थवा जहाजाकडे तिरका धावत येताना दिसला. मिनिटभरच. ज्यांनी पाहिले ते न पाहिलेल्यांना संध्याकाळपर्यंत सांगत होते.

सातवा दिवस

हवा एकदम उबदार झाली आणि पाण्याचा रंग गडद निळा. आईच्या वहीतल्या पाण्याच्या तापमानाने एका दिवसात मोठी उडी घेतली होती. आम्ही गल्फ स्ट्रीमच्या प्रभावात आलो होतो. अमेरिकेच्या वसाहतींतील टपालाचे काम बेंजामिन फ्रँकलिन पाहत असताना, इंग्लंडहून पश्चिमेकडे येणारी टपालजहाजे व्यापारी जहाजांपेक्षा उशिरा का पोहोचतात, असा प्रश्न उभा राहिला होता. त्याचा नातलग टिमोथी फोल्जर हा अमेरिकेच्या किनाऱ्याजवळच्या नँटुकेट बेटाचा कप्तान. त्याने सांगितले की देवमासे मारणाऱ्यांना हा प्रवाह चांगला माहीत आहे, आणि टपालजहाजे नेमकी त्याच्या विरुद्ध धावत बसतात. मग १७६९च्या सुमारास प्रवाहाचा नकाशा छापला गेला, आणि इंग्रज कप्तानांनी त्याकडे बराच काळ लक्ष दिले नाही. पाण्यातला रस्ता पाण्यावर राबणाऱ्यांना आधी कळतो, ही गोष्ट या आठवड्यात मला फार जवळची वाटली.

बाकी दिवस सामान बांधण्यात गेला. मोठ्या पेट्या रात्री दाराबाहेर ठेवायच्या होत्या. आई बाकावर जाऊन त्या बाईंचा निरोप घेऊन आली. काय बोललात, असे विचारले तर म्हणाली, “कुत्रा झोपला होता. आम्ही त्याला उठवले नाही.”

आठवा दिवस

साडेचारलाच डेक भरला होता. अंधारात व्हेराझानो पुलाच्या दिव्यांची माळ पुढून आली आणि डोक्यावर आली. धुरांडे आता पुलाला घासणार असे प्रत्येकाला वाटले. हे धुरांडे याच पुलाखालून जाता यावे म्हणून ठेंगणे ठेवलेले आहे. ते पार झाले आणि कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मग डावीकडे, फटफटत असताना, स्वातंत्र्यदेवीचा हिरवट पुतळा. १८८६ पासून तो या वाटेवर उभा आहे, आणि बोटींतून आलेल्या लाखो माणसांनी तो असाच, याच उंचीवरून, हळूहळू मोठा होत जाताना पाहिला असेल. आई काहीच बोलली नाही. तिने फक्त माझा दंड धरला.

ब्रुकलिनच्या धक्क्याला जहाज लागले तेव्हा माझी झोप पूर्ण झालेली होती आणि भूक न्यूयॉर्कच्या वेळेला लागली होती. पाच तासांचा फरक अंगात कुठेच शिल्लक नव्हता.

खाली उतरण्यापूर्वी केबिनमध्ये विसरलेला चष्मा घ्यायला गेले, तर पलंगावरच्या चादरी निघालेल्या होत्या आणि स्वच्छ चादरींचा गठ्ठा दाराशी होता. जहाज त्याच संध्याकाळी साउदॅम्प्टनला परत निघणार होते आणि नवे २,७०० लोक काही तासांत चढणार होते. तो तरुण उशांचे अभ्रे बदलत होता. मी त्याचे आभार मानले आणि आता थोडी विश्रांती मिळेल का, असे विचारले.

“आज नाही, मॅडम,” तो उशी झटकत म्हणाला. “आणि उद्यापासून तास परत द्यायचे आहेत.”